एक ओळ काढून

मंगळवारी सकाळी मी कीबोर्ड पुसला. दर मंगळवारी पुसते. आमचं ऑफिस उल्हासनगरच्या कॅम्प चारमध्ये, दुसऱ्या मजल्यावर. खाली जीन्स शिवायचा कारखाना. तिथला निळा बारीक धुरळा जिन्याने वर चढतो आणि कळांमधल्या फटींत जाऊन बसतो. पुसताना कॉम्प्युटर बंद करायचा असतो हे शहाणपण मला पन्नास वर्षं उलटली तरी सुचलेलं नाही. पुसून झालं, चहा आला, चहा घेतला, कोड तपासणाऱ्या टेस्ट चालवल्या. चारशे बारा. सगळ्या हिरव्या, रोजच्यासारख्या. मग सहज वर सरकवून बघितलं, तर कोडातली एक आख्खी ओळ नाहीशी झालेली. फडक्याने खाल्ली होती, आणि आपोआप सेव्ह होण्याच्या सोयीने ती पचवलीही होती. बरं, ओळ साधीसुधी नव्हती. उघडलेला प्रत्येक टॅग, म्हणजे कंसासारखी खूण, बंद करणारी ओळ होती ती. ती नसेल तर काही म्हणजे काही मिटत नाही, सगळं उघडंच राहतं. आणि माझ्या चारशे बारा टेस्ट माझ्याकडे बघून हिरव्या हसत होत्या. मी ओळ परत घातली नाही. हात मांडीवर ठेवून बसून राहिले. मग, का ते सांगता येणार नाही, आणखी एक ओळ काढली. हिरवं. आणखी एक. हिरवं. चहाचा कप उचलून नेईपर्यंत मी अर्धी लायब्ररी काढून टाकली होती आणि कुठे काही लाल झालं नव्हतं.

ही लायब्ररी म्हणजे पुस्तकांची नव्हे. सासरच्या एका लग्नात मी ‘लायब्ररी तपासते’ म्हणाले, तेव्हा नवऱ्याच्या, हरिचंद्रच्या मावशीने काळजीने विचारलं होतं, ‘वाळवी लागलीय का गं?’ नऊशे ओळींचा कोड, एवढीच ती. तिला नाव सांगायचं, वय सांगायचं, आजार, औषध सांगायचं. ती प्रत्येक गोष्टीचा एक डबा करते, डब्यावर लेबल लावते, डब्यात डबा नीट बसवते आणि उघडलेलं प्रत्येक झाकण उलट्या क्रमाने लावत बाहेर येते. असे नीट रचलेले कागद मग दुसऱ्या कॉम्प्युटरला वाचता येतात. आमच्या लायब्ररीतून एका मोठ्या इस्पितळाचे, पेशंटला घरी सोडतानाचे कागद तयार होतात. ती लिहिली यज्ञेश नावाच्या एका हुशार मुलाने, आणि तो बंगळूरला निघून गेला. राहिले मी. मी मराठी घेऊन बी.ए. झालेली, कोर्टाच्या आवारात टायपिंग केलेली बाई. आमचे मालक धर्मेशसेठ, त्यांनी मला ठेवलं ते छापलेल्या कागदांतल्या चुका शोधायला. कोड मला कोणी शिकवला नाही. मी तो नुसता बघत राहिले, जसं शेजारणीच्या घरातलं भांडण आपण भिंतीआडून ऐकत राहतो आणि एक दिवस कोण का ओरडतंय हे कळायला लागतं. कुठे कंस उघडा राहिला, कुठे झाकण लागलं नाही, हे मला दिसायचं. दिसतं त्याची यादी करावी म्हणून टेस्ट लिहायला शिकले. एक टेस्ट म्हणजे एक प्रश्न आणि त्याचं आधीच लिहून ठेवलेलं उत्तर. कोडाला प्रश्न विचारायचा. त्याचं उत्तर आपल्या उत्तराशी जुळलं तर हिरवं, नाही तर लाल. नऊ वर्षांत चारशे बारा प्रश्न जमवले. मला वाटायचं, माझ्याजवळ दुसरं काही नसलं तरी हे आहे.

कारण सापडायला दुपार झाली. टेस्ट चालवायच्या हुकमाच्या शेवटी एक शब्द होता. तो शब्द असला की प्रत्येक वेळी आधी कोडाकडून उत्तर घेतलं जातं, तेच ‘बरोबर उत्तर’ म्हणून लिहून ठेवलं जातं, आणि मग कोडाचं उत्तर त्याच्याशी जुळवलं जातं. म्हणजे आज जे निघालं तेच आज बरोबर. तो शब्द एकदा वापरून काढून टाकायचा असतो, मोठा बदल केल्यावर. मी तो काढला नव्हता. शब्द कधी घातला त्याची तारीखही तिथेच होती. तारीख बघितली आणि मला तारखेची गरज उरली नाही. सहा वर्षांपूर्वीचा तो शुक्रवार. अकरा वाजता हरिचंद्रचा फोन आला होता. तो ऑफिसात कधी फोन करत नसे. ‘गेटवर कुलूप आहे,’ एवढंच म्हणाला. अंबरनाथच्या एमआयडीसीत त्याची रंगाची कंपनी. तिथल्या लॅबमध्ये तो सत्तावीस वर्षं. कंपनी त्या दिवशी बंद पडली ती कायमची. मी घाईघाईत शब्द घातला, सगळं हिरवं करून घेतलं आणि रिक्षा पकडून घरी आले. तो कपडे न बदलता खुर्चीत बसला होता. मांडीवर डबा होता, न उघडलेला. मी डबा घेतला, उघडला, भाजी गरम केली. सोमवारी ऑफिसात गेले तेव्हा त्या शब्दाची आठवण राहिली नव्हती. हिरवं होतं. हिरव्याकडे कोण निरखून बघतं?

यातली थट्टा अशी की, हे मला माहीत होतं. लग्नाच्या पहिल्या वर्षी हरिचंद्र मला त्याची लॅब दाखवायला घेऊन गेला होता. तोंडावर मी त्याला अहो म्हणते. मनात पहिल्यापासून अरेच. त्याने मला काळं कपाट उघडून दाखवलं. आत तपकिरी बाटल्यांमध्ये मूळ नमुने, प्रत्येक रंगाचा एक, उजेड लागू नये म्हणून काळ्या कागदात गुंडाळलेले. तेव्हा तो खूप बोलायचा. हातवारे करायचा, नखांत कायम कुठला तरी रंग. म्हणाला, ‘आजचा माल कालच्या मालाशी कधी जुळवायचा नाही. कालचा परवाच्याशी जुळलेला असतो, आजचा कालच्याशी जुळतो, सगळे खूश. वर्षभरात लालचा तपकिरी झालेला असतो आणि कोणाला कळलेलं नसतं. म्हणून हे कपाट.’ मी म्हणाले, ‘आणि हा नमुनाच उडाला तर?’ तो हसला. ‘मग देवाला विचारायचं.’ मला तो दुपारचा वास अजून आठवतो, आंबट, गोडसर, घशाशी चिकटणारा. घरी येऊन मी केस धुतले तरी दोन दिवस गेला नाही. मला तो आवडला होता. त्याचा वास म्हणून आवडला होता.

धर्मेशसेठना सांगितलं. ते दालपकवान, म्हणजे डाळ आणि कुरकुरीत पुरी, खात होते, पानावरचे कण बोटाने टिपत. त्यांनी माझं सगळं ऐकून घेतलं.

‘मॅडम, ग्रीन आहे ना?’

‘आहे. पण खोटं आहे.’

‘खोटा ग्रीन कसा काय असतो? ग्रीन म्हणजे ग्रीन.’

‘सेठ, मी अर्धा कोड काढून टाकला तरी ग्रीनच.’

‘तो वापस डाल दो ना!’ ते घाबरले. ‘साईं, काढला कशाला?’

‘घातला परत. पण सहा वर्षं मी काहीच तपासलेलं नाही, असं झालंय.’

त्यांनी पकवान खाली ठेवलं. भला माणूस. माझ्या चेहऱ्याकडे बघून त्यांना वाटलं असावं की घरी काही झालंय. ‘सहा सालात पार्टीची एक कम्प्लेंट आली का? नाही ना? मग? तुम्ही खा काहीतरी. शुगर लो झाली असेल.’

मी तो शब्द काढला. सहा वर्षांपूर्वीची उत्तरं जुन्या साठ्यातून उकरून आणली, माझ्या हाताने लिहिलेली, आणि टेस्ट चालवल्या. सदतीस लाल. सगळ्या एकाच कारणाने. मधे कधीतरी कोणीतरी एक बदल केला होता आणि त्या दिवसापासून लायब्ररी रिकामे डबे गाळायला लागली होती. म्हणजे असं, की कागदावर ‘कोणत्या औषधाने त्रास होतो’ असा एक डबा असतो. पेशंटने काही सांगितलं नाही तर तो डबा रिकामा जायला पाहिजे. रिकामा डबा म्हणजे विचारलं होतं, उत्तर आलं नाही. आता डबाच जात नव्हता. डबाच नाही म्हणजे कोणी विचारलंच नाही. कागद दिसायला नीटच, उलट जरा सुटसुटीत. इस्पितळाच्या बाजूने हे काम सोनिया म्हणून एक मुलगी बघते. तिला फोन केला, गुन्हा कबूल करावा तसं सांगितलं. ती म्हणाली, ‘अहो ताई, आम्हाला ते माहितीये. मतलब, सुरुवातीला अडलं होतं आमचं, मग आम्ही त्याच हिशेबाने सगळं बसवून घेतलं. आता तुम्ही रिकामे डबे पाठवायला लागलात तर आमच्याकडे सगळं क्रॅश होईल. प्लीज हं, काही चेंज नका करू.’

‘पण सोनिया, ते चूक आहे.’

‘हो ताई. पण आता तेच चालू आहे ना.’

‘आणि तेव्हा अडलं तर कळवलं का नाही?’

‘अय्या, आम्हाला वाटलं तुम्ही मुद्दामच केलंय!’

त्या संध्याकाळी शेअर रिक्षात मी कडेला बसले होते. कॅम्प पाचच्या चौकात नेहमीसारख्या गाड्या तुंबल्या. शेजारची बाई फोनवर सिंधीत कोणाला तरी झापत होती; मला शब्द कळत नव्हते, झापणं कळत होतं, आणि मला तिचा हेवा वाटला. पलीकडे कोणीतरी होतं. मी घरचे प्रश्न मनात म्हणून बघितले. जेवलात? हो. गोळी? घेतली. बरं आहे ना? ठीक. राजसीचा फोन? नाही. रोजचे चार प्रश्न, रोजची चार उत्तरं, आणि मी पदर खोचून स्वयंपाकघरात. सहा वर्षं. राजसी आमची मुलगी, पुण्याला नोकरीला. ती म्हणते, ‘आई, बाबांना डिप्रेशन आहे का गं?’ मी म्हणते, ‘नाही गं, ठीक आहेत.’ कशावरून? त्यांनीच सांगितलं, ठीक. सुरुवातीला तो दिवसातून तासभर बोलत नसे. मग एक वेळ आली, तो जेवताना बोलत नसे. मग पेपर वाचून दाखवणं गेलं. प्रत्येक वेळी मी आजचा हरिचंद्र कालच्या हरिचंद्रशी जुळवला आणि जुळला म्हणून झोपले. अंबरनाथ पश्चिमेला रिक्षा थांबली, लोक उतरले, मी बसूनच होते. रिक्षावाला मागे वळून म्हणाला, ‘मावशी, लास्ट स्टॉप.’

मला जाणून घ्यायचं होतं ते इतकंच, की मी या घरात आहे हे त्याला अजून कळतं का. त्याला विचारून उपयोग नव्हता. विचारलं की उत्तर हिरवंच येणार. एक ओळ काढून बघायला हवी होती. एका वेळी एकच, आणि न सांगता. दोन काढल्या तर कशाने काय झालं ते कळत नाही, हे मला नऊ वर्षांनी तरी शिकवलं होतं.

बुधवारी मी निघताना ‘येते हं’ म्हणाले नाही. सव्वीस वर्षांत एकदाही चुकलेलं नाही. भांडण झालं तरी, सुतकात, तापात, राजसी पोटात असताना कळा सुरू झाल्या तेव्हाही मी दारात वळून ‘येते हं’ म्हणाले होते आणि रिक्षावाल्याला हसू आलं होतं. बुधवारी चपला घातल्या, दार ओढलं आणि जिन्यात तिसऱ्या पायरीवर थांबले. कान मागे. वरच्या मजल्यावर कुकरची शिट्टी झाली, खाली कोणीतरी बादली आपटली. आमच्या घरातून पेपराचं पान उलटल्याचा आवाज आला. मला एवढं ऐकू येतं हे मला माहीत नव्हतं. संध्याकाळी आले. जेवलात? हो. गोळी? घेतली.

गुरुवारी आमटीत मीठ घातलं नाही. माझ्या वाटीत वरून घालून घेतलं. तो जेवायला बसला. पहिला घास घेतला तेव्हा मी त्याच्या चेहऱ्याकडे असं बघत होते जसं डॉक्टर एक्स-रे उजेडाला धरून बघतात. घास खाली गेला. दुसरा. त्याने वाटी पुढे केली, आणखी मागितली. मी वाढली. मीठ ही चांगली टेस्ट नव्हे, असं मी स्वतःला समजावलं. सत्तावीस वर्षं त्या वाफेत काढलेली जीभ. गेली असेल चव. शिवाय ब्लडप्रेशरची गोळी चालू आहे, डॉक्टरने सांगितलं म्हणून मी मीठ कमी केलं असेल, असंही त्याला वाटू शकतं. शंकेला जागा राहिली की टेस्ट बाद. म्हणून शुक्रवारी सकाळी तो आंघोळीला गेला तेव्हा टीव्हीच्या वरच्या भिंतीवरून राजसीचा पदवीचा फोटो काढला आणि कपाटात साड्यांच्या घडीखाली ठेवला. काळा डगला, डोक्यावर वाकडी टोपी, शेजारी बाप. त्या फोटोत तो हसतोय. भिंतीवर फिकट चौकोन राहिला, भोवतीचा रंग किती काळवंडला होता ते तेव्हा कळलं. हरिचंद्र पंचा गुंडाळून बाहेर आला, खुर्चीत बसला, आणि रोज फोटोकडे बघायचा तसा त्या चौकोनाकडे बघत बसला. मी अर्धा तास उशिरा निघाले. त्याने तितका वेळ चौकोन बघितला.

त्या शुक्रवारी ऑफिसात मी सदतीस बरोबर उत्तरं खोडली आणि त्या जागी सदतीस चुकीची उत्तरं बरोबर म्हणून लिहिली. हाताने, एकेक करून. धर्मेशसेठ मागे उभे राहून बघत होते. चारशे बारा हिरव्या झाल्या तेव्हा त्यांनी टाळी वाजवली. ‘देखा? टेन्शन कशाचं?’ आता मात्र ते खरोखरच हिरवं होतं. टॅग बंद करणारी ओळ काढून बघितली, लाल झालं, परत घातली. टेस्ट आता जाग्या होत्या. चूक जशीच्या तशी राहते आहे ना, यावर पहारा द्यायला जाग्या.

काढायला आता एकच ओळ उरली होती. शनिवारी आमचं ऑफिस अर्धा दिवस. दोनला सुटले आणि घरी न जाता बदलापूरला, धाकट्या बहिणीकडे गेले. शलाका हेंद्रेपाड्यात राहते; तिचा नवरा टूरवर होता. दारात मला बघून तिने आधी माझ्या हातात पिशवी शोधली.

‘भांडलात?’

‘नाही गं. भांडायला दोन माणसं लागतात.’

‘सांगून आलीस ना त्यांना?’

‘तेच तर सांगायचं नाहीये.’

मी तिला सगळं सांगितलं. ओळ, आमटी, फोटो. ती भेंडी चिरत होती, चिरायची थांबली नाही. ‘कुंदे, तू लग्नाआधी पण अशीच होतीस,’ ती म्हणाली. ‘रुसून गच्चीत जाऊन बसायचीस आणि कोणी शोधायला येतंय का ते बघायचीस.’

‘आणि तू यायचीस.’

‘मी पापड बघायला यायचे. आई पाठवायची, कावळे बसतात म्हणून.’

दोघीही हसलो. मला हसताना दम लागला. तिने फोन माझ्या हातातून काढून समोरच्या स्टीलच्या डब्यावर ठेवला, ‘घे, बघत बस तुझा टीव्ही.’ फोन वाजला नाही. सात वाजले, आठ वाजले. एकदा डबा थरथरल्यासारखा वाटला, तर मिक्सर लागला होता. शलाका म्हणाली, ‘मी लावू का? नुसतं विचारते, ताई पोचली का म्हणून.’ मी नाही म्हणाले. मदत केलेली टेस्ट धरत नाहीत. खरं म्हणजे मला भीती वाटत होती की तो उचलेल, आणि ‘ठीक’ म्हणेल.

रविवारी सकाळी फोन वाजला. मी झडप घातली. राजसी होती. ‘आई, कुठे आहेस तू? बाबांना फोन केला, म्हणाले आई नाहीये.’

‘कुठे गेलीय म्हणाले?’

‘काहीच नाही. म्हणाले, नाहीये. मला वाटलं खाली गेली असशील भाजीला.’

‘आवाज कसा होता त्यांचा?’

‘बाबांचा? नेहमीसारखा. का?’

मी दुपारी घरी आले. जिना चढताना वाटत होतं, परीक्षेचा निकाल लागून गेलाय आणि आपण तो बघायला चाललोय, असं. किल्ली होती, तरी बेल वाजवली. त्याने दार उघडलं. दाढी केलेली होती. ‘आलीस,’ म्हणाला. विचारलं नाही, म्हणाला. मागे सरून मला आत येऊ दिलं, पाहुण्याला देतात तसं. स्वयंपाकघरात ओट्यावर ते लहान पातेलं दिसलं, ज्यात मी राजसीसाठी पेज करायची. त्यावर ताटली झाकलेली. शेजारी दह्याची वाटी, लोणच्याची फोड. एक ताट.

मी खुर्चीत बसले. ‘काल मी आले नाही.’

‘हो.’

‘कळलं तुम्हाला?’

त्याने माझ्याकडे बघितलं. खूप दिवसांनी बघितलं. ‘कळणार नाही का?’ मग लॅबच्या रजिस्टरमधून वाचावं तसा म्हणाला, ‘बुधवारी येते म्हणाली नाहीस. गुरुवारी आमटीत मीठ नव्हतं. शुक्रवारी राजसीचा फोटो काढलास. काल आली नाहीस.’

सगळं पकडलं होतं त्याने. एकही सुटलं नव्हतं. तो होता, इतकी वर्षं त्या खुर्चीत तो होता, आणि नखाएवढा फरकसुद्धा त्याच्या डोळ्यांतून निसटत नव्हता. मला उठून त्याचे दंड धरून गदागदा हलवावंसं वाटलं. ‘मग बोलला का नाहीत, अहो? एका शब्दाने विचारायचं!’

त्याने विचार केला. खरोखर विचार केला, कपाळाला आठ्या घालून, मला बरोबर उत्तर द्यायचं म्हणून. ‘बुधवारी वाटलं, घाईत असशील. मग गुरुवारी वाटलं…’ त्याने हात उघडून दाखवले, रिकामे. ‘वाटलं, आता असंच असणार.’

‘आणि काल?’

‘काल आठपर्यंत दार नुसतं लोटून ठेवलं होतं. मग कडी लावली.’

‘घाबरला नाहीत?’

‘घाबरलो ना.’ त्याचा आवाज अगदी बारीक झाला. ‘पहाटेपर्यंत बसून होतो. तिथे, तू बसलीयस तिथे. मग उजाडलं.’ त्याने इकडेतिकडे बघितलं, आणि मग तो ओट्याजवळ गेला. ‘भात लावला. एकाचा. आधी कधी लावला नव्हता, पाण्याचा अंदाज येईना.’ त्याने ताटली उचलली, पातेलं दोन्ही हातांनी धरून माझ्यासमोर आणलं, जरा कलतं करून, मला आतलं नीट दिसावं म्हणून. ‘बघ. पहिल्याच खेपेला जमला.’

मी बघितलं. एका माणसापुरता, तळाशी न लागलेला, शीत न् शीत मोकळं. सहा वर्षांत त्याने मला पहिल्यांदाच काहीतरी दाखवलं होतं, आणि चेहरा असा की मी काय म्हणते त्यावर त्याचं सगळं अवलंबून आहे.

‘छान झालाय,’ मी म्हणाले.